भेट मिळालेल्या ऑर्किडची फुले गळून गेली. नवशिक्याने वेगवेगळ्या ऑर्किडची निगा कशी राखावी?

तुम्ही लिहिले आहे की, वाढदिवसाला मिळालेल्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची फुले दोन महिन्यांनी गळून गेली, आता कुंडीत चार पाने आणि एक सुकत चाललेला दांडा उरला आहे, घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर असून गॅलरी पूर्वेकडे आहे, आणि आणखी तीन-चार प्रकार आणण्यापूर्वी आठवड्यातून किती वेळा पाणी घालावे हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. मी याच शहरात अकरा वर्षांपासून ऑर्किड वाढवतो आहे. पाण्याचे वार ठरवू नका, मुळांकडे पाहायला शिका, हे माझे पहिले सांगणे. ऑर्किडचे प्रकार आपण फुलांवरून ओळखतो, परंतु निगा राखताना त्यांच्यातला सर्वांत मोठा फरक मुळे किती लवकर सुकायला हवीत, हाच असतो.

दुकानात मिळणारी बहुतेक ऑर्किड मूळची झाडांवर राहणारी आहेत. माझ्या कोकणातल्या घरामागच्या जुन्या आंब्यावर सीतेची वेणी हे असेच एक ऑर्किड आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिचे पांढरे-जांभळे घोस खाली लोंबतात. (आसामात हेच फूल कपौ म्हणून बिहूच्या नाचात केसांत माळतात.) गावाकडे पुष्कळदा तिला बांडगूळ समजून ओरबाडून काढतात, याचे मला फार वाईट वाटते. बांडगूळ झाडात मुळे घुसवून त्याचा रस घेते. ही बिचारी फक्त सालीला धरून बसलेली असते. पावसाची सर आली की तिची मुळे भिजतात आणि वारा सुटला की सुकतात. मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी पटकन शोषून घेते, मात्र सतत ओले राहिले तर आतल्या मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. म्हणूनच कुंडीत माती घालायची नसते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांची खांडे एवढे पुरते.

हे मला पहिले रोप गमावून समजले. तेही फॅलेनॉप्सिसच होते. मी त्याला तुळशीप्रमाणे रोज सकाळी पाणी घालत होतो. पाने मऊ पडून लोंबू लागली तेव्हा तहान लागली असे समजून पाणी आणखी वाढवले. शेवटी रोप उपटून पाहिले तर मुळे तपकिरी झालेली, चिमटीत धरताच वरची साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. म्हणजे पाणी भरपूर होते, ते पिणारे मूळच राहिले नव्हते. शिवाय मुळांच्या मध्यभागी रोपवाटिकेतल्या मॉसचा (सुकवलेल्या शेवाळाचा) घट्ट गोळा तसाच होता. वरून कुंडी कोरडी दिसे आणि तो गोळा आत दिवसचे दिवस ओला राही. तुमचे रोप फुलांतून मोकळे झालेले आहे, तेव्हा या आठवड्यातच ते बाहेर काढून पाहा. असा गोळा असल्यास हलक्या हाताने सोडवा, मऊ पडलेली मुळे कात्री ज्योतीवर धरून निर्जंतुक केल्यावर कापा, घट्ट मुळे ठेवा आणि भोके असलेल्या पारदर्शक कुंडीत नव्याने लावा. पारदर्शक कुंडीमुळे मुळांचा रंग बाहेरून दिसतो: हिरवी असतील तर थांबावे, चंदेरी झाली की पाणी द्यावे. पाणी सकाळी, मोरीत नेऊन, खालून वाहून जाईपर्यंत घालावे आणि पूर्ण निथळू द्यावे. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचू देऊ नका. रात्रभर राहिले तर तिथूनच कुजायला सुरुवात होते. माझ्याकडे एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी मुळे चंदेरी होतात, तर जुलैमध्ये आठ-दहा दिवसही लागतात. वार ठरवून पाणी घालणे चुकते ते यामुळेच.

दुसरे रोप आणायचे असेल तर डेंड्रोबियम आणा. लग्नाच्या सजावटीत आणि गुच्छांत जी जांभळी-पांढरी फुले दिसतात, ती बहुधा याचीच. उसाच्या कांड्यांसारखे याचे दांडे पाणी साठवून ठेवतात, त्यामुळे एखादे पाणी चुकले तरी ते निभावून नेते. फॅलेनॉप्सिसपेक्षा याला बराच अधिक उजेड लागतो. सकाळचे कोवळे ऊन थेट चालते, उन्हाळ्यात मात्र पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधावी. पाने गळालेला जुना दांडा मेला असे समजून लोक कापून टाकतात. तो हिरवा व टणक असेल तर कापू नका, कारण नव्या कोंबाला तोच पोसत असतो आणि कधी कधी त्यालाच पुन्हा फुले येतात.

ऑन्सिडियम, म्हणजे नाचणाऱ्या बाहुल्यांसारखी पिवळी फुले येणारे रोप, तिसरे म्हणून चालेल. त्याची मुळे दोऱ्यासारखी बारीक असतात आणि ती पार कोरडी पडलेली त्याला सोसत नाहीत. नव्या पानांवर आडव्या चुण्या पडल्या की पाण्यात खंड पडला होता असे समजावे. कॅटलियाचे उलट आहे; दोन पाण्यांच्या मध्ये ते चांगले सुकू द्यावे लागते.

वांदा हा प्रकार सध्या घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. त्याची मुळे लाकडी टोपलीतून हवेतच लोंबतात. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत दमट हवेवर ते छान वाढते, परंतु पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी त्याला दिवसातून दोनदा भिजवावे लागते आणि नोकरी सांभाळून ते जमत नाही. सिंबिडियमची कुंडी पाहून मोह होईल. त्याला कळी धरण्यासाठी कालिंपोंग-सिक्कीमसारख्या थंड रात्री लागतात, आपल्याकडे नुसती पाने वाढत राहतात. कुंडीत मातीच हवी असेल तर स्पॅथोग्लॉटिस लावा, ते जमिनीवरचे ऑर्किड आहे. रस्त्याकडेला कोणी जंगलातून उपटलेली आमरी (रानटी ऑर्किड) विकत असेल तर ती मात्र कृपया घेऊ नका. तिचे धुळीसारखे बी निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच रुजते, त्यामुळे काढलेल्या रोपाची जागा सहज भरून निघत नाही.

खताविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, नवी मुळे-पाने फुटत असताना, आठवड्यातून एकदा द्यावे आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुवावी, नाहीतर क्षारांचा पांढरा थर बसतो. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

आता तुमच्या सुकत चाललेल्या दांड्याविषयी. तो पूर्ण तपकिरी झाला की बुडापासून दोन सेंटिमीटर ठेवून कापा. रोप गॅलरीत सावलीत राहू द्या, कारण दिवाळीनंतरच्या थंडाव्यामुळेच फॅलेनॉप्सिस नवा दांडा धरते. रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ लागले की मात्र ते रात्रीपुरते आत घ्या. डिसेंबरच्या सुमारास पानाच्या बगलेतून एक हिरवे टोक बाहेर येईल. ते गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर नवे मूळ आहे. एका बाजूने दबलेले, खाचेचे, मिटलेल्या मुठीतून अंगठा वेगळा दिसावा तसे असेल, तर तो फुलांचा दांडा. तो दिसल्यावर कुंडीची दिशा फिरवू नका, कारण दांडा उजेडाकडे वळत वाढतो, आणि वीतभर झाला की त्याला बारीक काठीचा आधार द्या.