मेक्सिकन धाटणीची क्राफ्ट पिल्सनर (छोट्या ब्रूअरीत बनणारी हलकी, फिकट सोनेरी बिअर) चवीला कशी असते? लिंबू पिळावं का?

हलकी, कोरडी म्हणजे फारशी गोड नसलेली, आणि शेवटी जराशी कडवट. लिंबू पिळायचंच तर दोन घोट तशीच घेऊन मग. लोअर परळच्या एका टॅपरूममध्ये, म्हणजे नळावरची बिअर मिळते अशा ठिकाणी, मी ग्लास भरतो, त्यामुळे चाखणं रोजचंच. बार्लीच्या माल्टसोबत (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांसोबत) यात मका घालतात, म्हणून ती जिभेवर हलकी वाटते आणि मागे कणसाचा पुसट गोडवा राहतो. १८४२ मध्ये आताच्या चेकियातल्या प्लझेन शहरात जन्मलेली मूळ पिल्सनर निव्वळ माल्टची, त्यामुळे जास्त भरीव, जास्त कडू. मुंबईच्या मे महिन्यात मला मक्याचीच बरी वाटते. मात्र पार बर्फगार प्यायलात तर मका-बिका काही कळणार नाही. आणि उकडलेल्या कोबीसारखा वास आला तर तो मक्याचा गुण नव्हे, बनवण्यातला दोष. सरळ ग्लास बदलून मागा.