पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरची निगा

प्रश्न : माझ्याकडे कानपूरच्या कारखान्यात तयार झालेले .32 बोअरचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. आंब्याच्या हंगामात रोख रक्कम घेऊन ये-जा करावी लागते, तेव्हा ते कमरेला असते. एरवी चामड्याच्या कव्हरासकट कपाटात असते. यंदा श्रावणात बाहेर काढले, तर नळीवर तांबूस ठिपके आणि पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवट थर दिसला. मी नेमाने खोबरेल तेल लावतो, तरी असे का व्हावे?
– एक बागायतदार, राजापूर तालुका

उत्तर : आपण तेल लावण्यात कसूर केलेली नाही, परंतु तेल चुकीचे आहे आणि ठेवण्याची जागा त्याहून चुकीची आहे. चामडे हवेतली ओल शोषून धरते, कमरेच्या घामातले मीठही त्यात मुरलेले असते, आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश त्यात राहतो. त्यामुळे बंद कपाटात, कोकणातल्या पावसाळी हवेत, असे कव्हर म्हणजे लोखंडाभोवती गुंडाळलेले ओले फडकेच ठरते. काडतुसांवरचा हिरवा थर हा पितळेवर चढणारा कळंक आहे आणि तोही चामड्याच्या पट्ट्यामुळेच चढतो. कव्हर फक्त बाळगण्यासाठी वापरावे. घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर कोरड्या सुती फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह कुलूपबंद ठेवावे. स्पंजाचे अस्तर असलेली पेटी दिसायला छान असते, पण स्पंजही ओल धरतो, म्हणून मी ती टाळायला सांगतो.

खोबरेल तेल पारा 24 अंशांच्या आसपास उतरला की थिजते, जुने झाले की खवट होते, आणि घोड्याच्या सांध्यात त्याचा चिकट गोळा बसतो. त्याऐवजी शस्त्रांसाठी मिळणारे पातळ खनिज तेल आणावे. ते न मिळाल्यास शिलाई मशीनचे स्वच्छ तेलही चालते. रॉकेलने मळ सुटतो, पण त्याने गंजापासून संरक्षण मिळत नाही, म्हणून रॉकेल वापरल्यास ते पूर्ण पुसून वर तेलाचा हात फिरवावा.

सफाईला बसण्यापूर्वी काडतुसे काढून, मोजून, दुसऱ्या खोलीत ठेवावीत. फिरत्या सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत आणि करंगळीच्या टोकाने चाचपावीत. शस्त्र आपले स्वतःचे आणि रोजच्या हातातले असले, तरी ही पायरी एकदाही गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपले रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडणारे असेल, तर उघडताना रिकामी काडतुसे वर ढकलणारी चांदणीच्या आकाराची चकती उचलली जाते. खरी मेख तिथे असते. त्या चकतीच्या खाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण जरी अडकले, तरी ती पुरती बसत नाही, सिलिंडर अडखळत फिरते आणि चाप जड लागतो. मालकाला वाटते की यंत्र बिघडले, प्रत्यक्षात हवा असतो जुन्या दात घासायच्या ब्रशाचा एक फटकारा. ही जागा घासून कोरडी ठेवावी, कारण तिथे तेल राहिले की पुढचे कण त्यालाच चिकटतात.

नळीत पितळी ब्रश आणि त्यामागून कापडाचे तुकडे, तुकडा स्वच्छ निघेपर्यंत फिरवावेत. सळई तोंडाकडून घालावी लागली, तर ती कडेला घासू देऊ नये. गोळी नळीतून सुटते ती त्या कडेवरून, आणि कड झिजली की नेम बिघडतो.

तेलाचे थेंब मोजकेच हवेत : सुईच्या टोकावर घेऊन सिलिंडरच्या आसावर, बिजागरीवर, खटक्यावर आणि घोड्याच्या मुळाशी एकेक. नळीत व काडतुसांच्या घरांत साठवणीसाठी पुसट हात पुरतो, आणि काडतुसे भरण्यापूर्वी तोही कोरडा पुसावा लागतो. काडतुसांना तेल कधीच लावू नये. ते बुडाच्या टोपीतून आत झिरपले, तर गरजेच्या वेळी बार उडेलच याची खात्री उरत नाही. कळंक चढलेली काडतुसे कोरड्या फडक्याने पुसावीत; पितळेला खड्डे पडलेले दिसले, तर ती वापरू नयेत.

ठिपक्यांवर तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी जाड सुती कापडाने हलके चोळावे. पॉलिश पेपर लावल्यास गंजाबरोबर वरचा काळा मुलामाही जातो आणि तिथे पुन्हा लवकर गंज धरतो. लाकडी मुठीखालीही घाम साचतो. बरोबर मापाच्या पेचकसाने तिचा स्क्रू काढून आतले लोखंड पुसावे. मात्र बाजूची झाकणपट्टी उघडून आतल्या कमानींना हात लावू नये. ते काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीदाराचे आहे. शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या लेथवाल्याकडे, तो कितीही ओळखीचा असला, तरी रिव्हॉल्व्हर देता येत नाही.

बार काढल्यास त्याच दिवशी सफाई करावी. नुसते बाळगले, तर रोज संध्याकाळी पुसणे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पूर्ण सफाई पुरेशी आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागले, तर मात्र तेलाचा हात थोडा सढळ ठेवावा, कारण मधल्या आठवड्यांत आपल्याला ते पुसता येणार नाही. परत आणल्यावर भरण्याआधी नळी आणि सहाही घरे कोरडी करून घ्यावीत.