संमतीपत्रात ‘गर्भपात’ की ‘गर्भसमापन’?

प्रश्न कोथरूडच्या एका अनुवादक वाचकाचा आहे. रुग्णालयाच्या संमतीपत्राचं मराठी करताना ‘गर्भपात’ लिहावं की ‘गर्भसमापन’? आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या ‘पार्टनर’ला काय म्हणावं?

बोलताना आपण ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यांत गल्लत करत नाही. ‘गर्भपात’ शब्दात मात्र हा भेद बुजतो. आपोआप झालेलाही गर्भपातच आणि केलेलाही. जुन्या दंड संहितेचं कलम ३१२ (आता न्याय संहितेचं ८८) गुन्ह्यासाठी इंग्रजीत ‘मिसकॅरेज’ हाच शब्द वापरतं. १९७१ चा गर्भपाताचा कायदा (एमटीपी अ‍ॅक्ट) करताना संसदेने तो टाळून ‘टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी’ घेतला. गर्भसमापन हा त्याचा नेमका प्रतिशब्द. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्याही दिली: औषधाने किंवा शस्त्रक्रियेने गर्भधारणा संपवण्याची प्रक्रिया. म्हणजे गोळ्याही त्यात आल्या.

तरीही सही करणाऱ्या बाईला ‘गर्भसमापन’ कळेलच असं नाही. मथळ्यात ‘गर्भसमापन (गर्भपात)’ आणि मजकुरात ‘गर्भपात करून घेणे’ लिहा. ‘पिशवी साफ करणे’ नको. अपुऱ्या गर्भपातानंतरच्या क्युरेटिंगलाही लोक तेच म्हणतात. ‘भ्रूणहत्या’ तर मुळीच नको. तो लिंगनिदानविरोधी फलकांवरचा शब्द आहे, कायदेशीर गर्भपाताला चिकटवला की बाई आधीच आरोपी ठरते.

आता ‘पार्टनर’. मूळ कायद्यात गर्भपातासाठी गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतं होतं. दुरुस्तीत तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा पार्टनर’ आलं. लोकसभेने ती मार्च २०२० मध्ये, राज्यसभेने १६ मार्च २०२१ ला मंजूर केली. तेव्हा सवयीने ‘पती’ लिहिलंत तर संसदेने काढलेला शब्द तुम्ही परत घातलात. ‘जोडीदार’ लिहा. ‘भागीदार’ दुकानात असतो आणि ‘साथीदार’ पोलिसांच्या बातमीत फरार असतो. पतीच्या सहीची ओळही छापू नका. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. अठराखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते.

सगळ्यात जास्त चुका आठवड्यांत होतात. ‘वीस आठवड्यांपर्यंत’ आणि ‘विसाव्या आठवड्यापर्यंत’ एक नव्हे. विसावा आठवडा लागतो तेव्हा एकोणीसच पूर्ण झालेले असतात. कायद्याची मर्यादा पूर्ण आठवड्यांची आहे: २० पर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये नियमांत दिलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. नियमांत ‘वैवाहिक स्थितीतील बदल’ या गटापुढे कंसात वैधव्य आणि घटस्फोट एवढंच आहे. पण अविवाहितेला त्यातून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. तिथे ‘फक्त विधवा व घटस्फोटित’ असा तर्जुमा करू नका. आणि वीस आठवड्यांसाठी ‘पाचवा महिना’ असंही लिहू नका. पाचवा लागला म्हणजे चारच पूर्ण झाले, हे घाईत कुणी मोजत नाही.