कुंभयुग कधी लागणार? आधी अयनांश विचारा

ताई, तुमच्या लेकीने एका व्हिडिओत ऐकलं की कुंभयुग डिसेंबर २०२० मध्ये लागलं. तिच्या मोबाइलमधलं पत्रिकेचं अ‍ॅप २४४० च्या आसपास म्हणतं आणि खगोलशास्त्राच्या एका लेखात तिला २५९७ सापडलं. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटचे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्याचा राशियुगाच्या गणिताशी संबंधच नाही, त्याकडे नंतर वळतो. राशियुग म्हणजे वसंतसंपात, मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाचं सूर्याचं स्थान, ज्या राशीत असतो तो काळ.

हा वाद आमच्या घरात मी लहानपणापासून पाहिला आहे. आजोबा रत्नागिरीकडून इंदुरात आले ते टिळक पंचांग घेऊनच. त्यामुळे आमची संक्रांत १० जानेवारीला व्हायची. आजी सुगडं पुजून, वड्या थापून मोकळी व्हायची, तेव्हा वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांत तीळ निवडणं चाललेलं असायचं. १४ तारखेला शेजारपाजारचे तिळगूळ घेऊन आले की ती डब्यात राखून ठेवलेल्या वड्या पुढे करायची. मी एकदा आजोबांना विचारलं, सूर्य एकच आहे ना, मग तो मकरेत दोनदा कसा जातो? ते म्हणाले, "मकर कुठून सुरू होते ते आधी तू सांग, मग सूर्य कधी गेला ते मी सांगतो."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सायन पद्धतीत राशी मोजायला वसंतसंपातापासूनच सुरुवात होते, म्हणजे संपात कायम मेषेच्या शून्य अंशावर. तो कधी मीनेत किंवा कुंभेत जाणारच नाही. म्हणून निव्वळ सायन राशींवर राशियुग काढताच येत नाही. संपात हा घड्याळाचा काटा धरला, तर तबकडी निरयण राशींची लागते, ताऱ्यांना धरून बसवलेली. काटा सरकतो वर्षाला सुमारे ५०.३ विकला (अंशात ६० कला, कलेत ६० विकला), म्हणजे एक अंश सरकायला ७१.६ वर्षं, एक रास ओलांडायला जवळपास २१५० आणि पूर्ण फेरीला २५,७७० च्या आसपास. आणि तो उलटा सरकतो. म्हणून मेषेनंतर मीन आणि मीनेनंतर कुंभ.

तबकडी आणि संपात यांच्यातलं अंतर म्हणजे अयनांश. अयनांश शून्य होता तेव्हा मीनयुग लागलं, ३० होईल तेव्हा कुंभयुग लागेल. ३० मधून आजचा अयनांश वजा करा, ७१.६ ने गुणा, चालू सालात मिळवा. एवढंच गणित आहे, लेकीकडून वहीत करून घ्या.

चित्रापक्षाचा, ज्याला लाहिरी म्हणतात तो अयनांश २०२५ साली सुमारे २४ अंश १२ कला आहे. यात चित्रा तारा राशिचक्राच्या बरोबर १८० अंशांवर, तुळेच्या आरंभी धरला आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने हाच पक्ष घेतला आणि २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरवला. ३० ला उरले ५ अंश ४८ कला, गुणाकार ४१५ वर्षं, साल २४४०. मीनयुगाचा आरंभ इसवी सन २८५. अ‍ॅपमधला आकडा हाच.

आता आजोबांचं टिळक पंचांग. त्यात रेवतीचा झीटा पिशियम तारा आरंभाला धरतात. त्या हिशेबाने अयनांश सव्वावीस अंशांच्या जरासा आत, म्हणजे उरले पावणेदहा, आणि कुंभयुग जातं २७२५ च्या आसपास. दोन पक्षांत फरक जेमतेम चार अंशांचा. सूर्य चार अंश चार दिवसांत चालतो, म्हणून आमची संक्रांत चार दिवस आधी. संपाताला तेवढ्याच अंतराला २८५ वर्षं लागतात. डब्यातल्या त्या वड्या राखून ठेवलेले चार दिवस आणि युगारंभातली पावणेतीनशेहून जास्त वर्षं ही एकाच फरकाची दोन मापं आहेत, हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर उमगलं.

रामन अयनांशाने २५४३ येतं, पाश्चात्त्य निरयणवाल्यांच्या फॅगन-ब्रॅडलीने २३७६. ग्रहलाघव या जुन्या गणितग्रंथात अयनांश काढायची रीत फार सुटसुटीत आहे, शकातून ४४४ वजा करून ६० ने भागायचं. तिने शके २२४४, म्हणजे २३२२ येईल. पण त्यात वर्षाला ६० विकला गती धरली आहे, ती खऱ्या गतीपेक्षा जास्त, म्हणून इतक्या लांबच्या पल्ल्याला ती वापरू नका.

२५९७ ची तबकडी वेगळीच आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आखलेल्या, १९३० साली प्रसिद्ध झालेल्या तारकासमूहांच्या हद्दी त्यात घेतात. त्या सारख्या ३० अंशांच्या नाहीत. क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेवर, मीनेच्या वाट्याला तब्बल ३७ अंश आले आहेत, म्हणून संपात इसवी सनापूर्वी ६८ पासून २५९७ पर्यंत तिच्यातच राहतो. खगोलाच्या दृष्टीने चोख, पण ज्योतिषातली रास ३० अंशांची, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ नको.

राहिलं २०२०. त्या २१ डिसेंबरला गुरू-शनीची युती सायन कुंभेच्या अगदी आरंभी झाली, निरयण मानाने मात्र मकरेतच. संपात त्या दिवशी कुठल्याही हद्दीवर नव्हता. १९६२ च्या फेब्रुवारीतही असंच झालं. आपल्याकडे मकरेतल्या अष्टग्रहीने, म्हणजे आठ ग्रह एकाच राशीत आल्याने, लोक धास्तावले होते, ठिकठिकाणी यज्ञ झाले, आणि तीच ग्रहांची गर्दी पाश्चात्त्यांच्या सायन मानाने कुंभेत होती. ग्रहांची युती हा युगारंभ नव्हे, हे लेकीला नक्की सांगा.

माझं मत विचाराल तर २४४० लिहा आणि शेजारी 'चित्रापक्ष' लिहा. पक्ष न सांगता दिलेलं साल मी वाचून सोडून देतो. आणि दशकाच्या खाली अचूकतेचा आग्रह धरू नका, संपाताची गतीही शतकागणिक किंचित वाढते.

आपल्या अवंतीच्याच वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवलंय की दक्षिणायन पूर्वी आश्लेषाच्या मध्यापासून होत असे, आता कर्केच्या आरंभी होतं, आणि फरक प्रत्यक्ष पाहून ठरवावा. म्हणून सांगतो, लेकीला २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरला उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेत घेऊन या. इंदूरहून तास-दीड तासाची वाट. सवाई जयसिंहाची ही यंत्रं १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. शंकुयंत्रापाशी, म्हणजे उभ्या दांड्याच्या सावलीच्या यंत्रापाशी, सकाळीच उभं राहायचं आणि सावलीच्या टोकाला अर्ध्या-अर्ध्या तासाने खडूचा ठिपका द्यायचा. इतर दिवशी ठिपके वाकडी कमान करतात. त्या दिवशी दुपार कलेपर्यंत पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ रेघ तयार होते. ती रेघ म्हणजे संपाताचा दिवस, आणि तो ठरवायला कुठलाच अयनांश लागत नाही.