मोठ्या स्क्रीनवर गेम खेळायला कन्सोल घ्यावा की कॉम्प्युटर?

नुसत्या मोठ्या स्क्रीनसाठी कन्सोल घेऊ नका. कॉम्प्युटरही एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडता येतो, आणि स्टीम या कॉम्प्युटर गेम विकत घेऊन खेळायच्या ॲपचा ‘बिग पिक्चर’ मोड २०१२ पासून त्यासाठीच आहे. तुम्ही खेळता काय, ते आधी बघा. फुटबॉल, रेसिंग, भावंडांसोबत सोफ्यावर बसून खेळणं असेल तर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्ससारखा कन्सोल घ्या. सेटिंगची कटकट नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या डावपेचांच्या गेमची खरी मजा माउस-कीबोर्डवरच, आणि त्यातली बारीक अक्षरं लांबून वाचताना डोळे शिणतात. तिथे टेबलावरचा २७ इंची मॉनिटरच बरा. प्लेस्टेशनवर बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते, तीही खर्चात धरा. आणि टीव्हीचा ‘गेम मोड’ नक्की चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते.