गंभीर विषयावरचा विनोद नेमका कधी बोचतो?

ज्याने सोसलं त्याच्यावरच नेम धरला की बोचतो. सोसायला लावणाऱ्यावर धरला तर बहुधा हशा पिकतो. गावच्या जत्रेतल्या नाटकांत विनोदी भूमिका करतो, त्या अनुभवावरून सांगतोय. तियात्र या गोव्यातल्या कोंकणी नाट्यप्रकारातली कांतारंही (गाणी) पाहा, त्यांत पुढाऱ्यांची बेधडक टर उडवतात आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. पण २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर कर्जाचे हप्ते थकलेल्या ट्रकवाल्याची तशीच टर खाणपट्ट्यातल्या डिचोलीत उडवून बघा! (नकोच.) मात्र तोच ट्रकवाला स्वतःच्या कर्जावर विनोद करतो तेव्हा सगळे हसतात. तेवढी मुभा त्याची, ती आपण उसनी घेऊ नये. आणि घरात सुतक असेल तर नेम कितीही बरोबर असो, गप्प बसावं.