मस्टँगमधील इंजिन नेमके कोणते?

प्रश्न : हैदराबादच्या एका जुन्या घराण्याकडून मी १९६७ची फोर्ड मस्टँग विकत घेतली असून ती पुन्हा रस्त्यावर आणायचे काम सुरू केले आहे. दारावरील पट्टीतल्या क्रमांकाचे पाचवे अक्षर ‘सी’ आहे आणि इंजिन मूळचेच, म्हणजे २८९ (घन इंचांचे) आहे, असे विकणाऱ्यांचे म्हणणे आहे. टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या हेडवरील झाकणावर) मात्र ३०२ असे स्टिकर आहे. सेल्फजवळचा गंज घासल्यावर ब्लॉकवर ‘डी ४’ एवढेच वाचता आले, पुढचे झिजले आहे. गॅस्केट आणि रिंगा अमेरिकेतून मागवाव्या लागतील, म्हणून इंजिन कोणते ते आधी कळायला हवे.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपण सुटे भाग मागवण्याआधी विचारलेत, हे फार बरे केलेत. दारावरची पट्टी खरी असली तरी ती फक्त कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाची हकिगत सांगते. ‘सी’ म्हणजे दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचे २८९ घन इंचांचे व्ही-८. त्यानंतरच्या पन्नासहून अधिक वर्षांत बॉनेटखाली काय बदलले, ते पट्टीला ठाऊक नसते. कव्हरे या इंजिनावरून त्या इंजिनावर सहज बसत असल्याने स्टिकर तर पुराव्यात धरूच नये.

आपल्याला सापडलेली दोन अक्षरे मात्र मोलाची आहेत. फोर्डच्या ओतीव क्रमांकातले (ब्लॉक ओततानाच त्यावर उमटलेल्या क्रमांकातले) पहिले अक्षर दशक सांगते, ‘सी’ म्हणजे १९६० चे आणि ‘डी’ म्हणजे १९७० चे, तर पुढचा आकडा त्या दशकातले वर्ष सांगतो. म्हणजे आपल्या ब्लॉकचा आराखडा १९७४ चा आहे. २८९ चे उत्पादन १९६८ नंतर राहिले नव्हते, त्यामुळे आपले इंजिन २८९ असूच शकत नाही आणि ते गाडीचे मूळ इंजिनही नाही. विकणाऱ्यांनी मुद्दाम फसवले असेल असे मी म्हणणार नाही, कारण घरात वर्षानुवर्षे ऐकलेली गोष्ट माणूस खरीच मानतो.

आता प्रश्न उरतो तो ३०२ की ३५१ विंडसर (फोर्डचेच त्याहून मोठे व्ही-८) एवढाच, कारण ‘डी ४’ने सुरू होणारे ब्लॉक दोन्ही प्रकारांत आहेत. बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजून पाहा असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल, पण २८९, ३०२ आणि ३५१ विंडसर या तिघांचाही मूळ बोअर ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटरच आहे. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतरात आहे: ३०२ चा ७६.२ मिलिमीटर, तर ३५१ चा ८८.९. हेड उतरवल्यावर पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली असताना मोजले, तर शंका उरत नाही. त्याहून सोपी खूण म्हणजे हेडचा बोल्ट. तो ३०२ मध्ये ७/१६ इंचाचा (साधारण ११.१ मिलिमीटर) आणि ३५१ मध्ये १/२ इंचाचा (१२.७ मिलिमीटर) असतो, त्यामुळे एक बोल्ट काढून त्याच्या आट्यांच्या भागाची बाहेरून जाडी (व्यास) व्हर्निअरने मोजली की काम झाले. ३५१ चा ब्लॉक जवळपास सव्वा इंच उंच असल्यामुळे त्याचे इंटेक मॅनिफोल्डही (कार्ब्युरेटरखालचा, सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा भाग) रुंद असते आणि ते ३०२ वर बसत नाही. फायरिंग ऑर्डरही, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रमही, वेगळी आहे (३०२ ची १-५-४-२-६-३-७-८, ३५१ ची १-३-७-२-६-५-४-८), पण हा क्रम कॅमशाफ्टवर अवलंबून असतो आणि तो आधी कोणी बदललेला असू शकतो, म्हणून प्लगच्या वायरींवरून निर्णय करू नये.

क्रँकशाफ्टही बदललेला असू शकतो, हे इथेच सांगतो. जुन्या ३०२ चे बाहेरचे संतुलन (पुढची पुली आणि मागचे फ्लायव्हील यांवर ठेवलेले वजन) २८ औंसांचे आहे आणि १९८० च्या दशकातील ३०२ चे ५० औंसांचे. पुढची डॅम्पर पुली आणि फ्लायव्हील एकाच मेळाचे नसतील, तर नवे बेअरिंगही थरथरीने लवकर जातील. वाळूज किंवा चिकलठाण्यात होनिंगचे (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करण्याचे) काम उत्तम होईल, पण ही चूक तिथे आपोआप लक्षात येईलच असे नाही.

आरसी बुकातील इंजिन क्रमांकही पाहावा. इंजिन बदलल्याची नोंद नसेल, तर ती आरटीओत करून घ्यावी लागेल. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली असावी लागतात आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आपल्याला त्या नोंदणीची इच्छा असेल, तर या ब्लॉकवर खर्च करण्यापूर्वी त्या काळातील २८९ चा ब्लॉक मिळतो का, ते आधी शोधावे.